नजरेचं माप

छबू, आलीस ते बरं झालं. पण आल्या आल्या असं तोंड पाडून बसू नको बाई. दिंद्रुडहून एवढी हाडं खिळखिळी करीत गाडीत आलीस, ती मला धीर द्यायला, ते कळतंय मला. धीरबीर काही नगं. तुला कुणीतरी सांगितलं असंल, की भामाबाईला पोटी पोर न्हाई म्हणून ती जावेची पोर बळकावून बसलती. खरं हाय. गाव बोलतंय ते खरं हाय. पण गावाला अर्धंच ठावं हाय, आन् राहिलेलं अर्धं त्याच्याहून वंगाळ हाय. ते आधी ऐक. मंग मला धीर द्यायचा का शिव्या, ते तुझं तू ठरीव.

हे कापड राहू दे माझ्या मांडीवर. ते कशाचं, ते सांगते मागनं.

मानमोडीच्या साथीत माझा दीर बद्रीनाथ गेला. सकाळी मोटंवर गेलता, दुपारी ताप घेऊन आला, आन् परत उठला न्हाई. त्याची बायको केशर तवा पोटुशी होती. चंद्री झाली तर घरात पेढा न्हाई का पाळणा न्हाई, नुसती रडारड. पण केशरला दूध असं, की चोळी वाळायची न्हाई. सुईणीनं त्याचा गावभर बोभाटा केला, आन् बोभाटा फिरत फिरत बीडला जागीरदाराच्या देवडीत, त्याच्या वाड्यात गेला. तिथं बेगमेला लेक झालता आन् तिला दूधच उतरंना. झालं! पाटील आला, संगं देवडीचा माणूस. दूध पाजायला बाई पायजे म्हणले. तसल्या बाईला ते लोक अन्ना म्हणत्यात. दोन वर्सं ऱ्हायचं. खाणं, लुगडी, समदं देवडीचं. पण अट एकच. तवर स्वतःच्या लेकराला छातीशी धरायचं न्हाई, उचलायचं सुदीक न्हाई. लेकरू अंगाला लागलं की पान्हा फुटतो, आन् तो पान्हा मालकाच्या लेकाचा. महिन्याच्या एका बाजाराला बैलांच्या दमणीतनं हितं चौसाळ्याला धाडू, लांबून बघायचं आन् माघारी यायचं.

आता जागीरदाराच्या माणसाला न्हाई म्हणायची कुणाची छाती? तरीबी आमचे हे खाली मान घालून अंगठ्यानं माती उकरीत उभे होते, काहीतरी सबब शोधत होते बिचारे. तेवढ्यात दाराआडून मीच बोलले, "जाईल की ती. पोर मी सांभाळते."

मीच, छबू. मला कुणी इचारलं बी नव्हतं.

केशरनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं, आक्का आपला भार उचलतीया. माझ्या पाया पडली ती. मी पाय मागं घेतले न्हाईत.

मंग माझं काय सांगू तुला! लगीन होऊन इतकी वर्सं, हात रिकामे ते रिकामेच, आन् एकदम दोन महिन्यांची पोर मांडीवर. शेळीचं दूध कोमट करायचं, कापसाचा बोळा बुडवायचा, तिच्या तोंडात धरायचा. चुटूचुटू ओढायची. राती उशाला, दिवसा काखंत. बोलायला लागली तवा मला "आई" म्हणली. मी तिला दुरुस्त केलं न्हाई. "काकी म्हण" असं एकदा बी माझ्या तोंडातनं आलं न्हाई.

आन् महिन्याच्या बाजाराला केशर यायची. महादेवाच्या देवळापुढं ते दगडाचं कासव हाय ना, त्याच्याजवळ उभी ऱ्हायची. मी पोरीला घेऊन समोरच्या पिंपळाच्या पारावर. मधी बाजाराची वाट. देवडीची म्हातारी दाई दमणीत बसून पान खात पहारा करायची. केशर नुसती बघायची. पापणी हलायची न्हाई तिची. लोक मधनं जायचे, कुणी मेथीची जुडी घेऊन, कुणी कोंबड्या उलट्या धरून, आन् ही त्यांच्या खांद्यावरनं, काखंखालनं बघत ऱ्हायची. जाताना कासवाच्या पाठीवर हात ठेवायची आन् तो हात डोळ्याला लावायची.

तिला कुण्या सप्त्यात कीर्तनकार बुवांनी सांगितलं होतं ना, की कासवीला थानं नसत्यात. ती नदीच्या ह्या काठाला, पिल्लं त्या काठाला, आन् ती नुसतं बघती त्यांच्याकडं. नजरेनंच पिल्लांचं पोट भरतं. ते हिनं धरून ठेवलं. वाटंच्या पल्याडनं मला म्हणायची, "आक्का, माझं बी तसंच हाय बघा. वाढतीया का न्हाई माझी चंद्री?"

मला असा संताप यायचा! शेळी मी धुंडायची, बोळा मी धरायचा, हगमूत मी काढायचं, आन् पोर वाढायची हिच्या नजरेनं! एकदा तर मी म्हणलंच तिला. आमच्या परसातल्या लिंबोणीत बुलबुलीनं घरटं केलतं. म्हणलं, "केशर, आई बघायची तर तिथं बघ ये. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चोचीत आळी धरून ये-जा, ये-जा. पिल्लं चोची वासून बसत्यात, ही एकेकाच्या घशात घालती. भरवती ती आई. नुसतं बघून कुणाचं पोट भरतंय?"

ती काय म्हणाली? "बुलबुलीला पंख दिल्यात आक्का. कासवीला कुठं हाईत?"

पण पटलं न्हाई मला. पटवून घ्यायचंच नव्हतं.

आन् ते घरटं! चंद्रीला कडेवर घेऊन मी रोज दाखवायची. पिल्लांनी चोच वासली की चंद्री बी आ करायची, आन् मी तिच्या तोंडात भाकरीचा काला घालायची. हसायची लबाड. सरवणातच ती पिल्लं उडाली. सकाळी बघते तर घरटं मोकळं, आन् बुलबुल चोचीत आळी धरून ह्या फांदीवरनं त्या फांदीवर ओरडतीया. मी चंद्रीला आत घेऊन गेले. ते काही मला बघवलं न्हाई.

आणिक एक सांगायचं राहिलं. पहिल्या वर्सी केशरनं एक झबलं शिवून आणलं होतं. देवडीतल्या शिंप्याच्या चिंध्यांचं, निळ्या अतलसीचं. दाईकडून माझ्याकडं धाडलं. मी दोन बोटांत धरलं आन् मोठ्यानं म्हणलं, बाजारातल्या चार बायांना ऐकू जाईल असं, "असलं रेशमी आमच्या पोरीला काय करायचं? अंग खाजंल तिचं." दाईनं ते तसंच परत नेलं. त्याच्यानंतर केशरनं काही म्हणून आणलं न्हाई.

आता दस्तगीरचाचाचं. आपले सीताफळंवाले दस्तगीरचाचा गं, मदिनाबीचे मालक. गेल्या साली हज करून आले. आल्यावर खजूर वाटला त्यांनी, तो घ्यायला आमी बाया त्यांच्या ओट्यावर बसलतो, तवा त्यांनी दर्याच्या गोष्टी सांगितल्या. मुंबईहून आगबोट निघाली की मधी कामरान म्हणून बेट लागतं, तिथं समद्या हाजींना उतरवून ठेवत्यात, कुणाला रोगराई हाय का बघायला. नुसती वाळू आन् खारं पाणी. तिथं पहाटेच्या नमाजाला चाचा उठले तर दर्यातनं कासवी वर येतीया. आपल्या विहिरीतलं कासव न्हाई, छबू, चार गडी लागतील उचलायला एवढी. सरकत सरकत वाळूत आली, मागच्या पायांनी खड्डा केला आन् त्यात अंडी घातली, लिंबाएवढी, गोल, ढीगभर. वरनं वाळू लोटली, थापून थापून सारखी केली, आन् गेली पाण्यात निघून. पुन्हा आली न्हाई. पिल्लं आपली आपण निघत्यात म्हणे, आपली आपण पाण्याकडं पळत्यात. कोण जगतं, कोण कावळ्या-घारींच्या तोंडी जातं.

आन् चाचांनी तवा आणिक एक सांगितलं होतं. त्यांनी कंदील जवळ नेला तर तिच्या दोनी डोळ्यांतनं पाणी गळत होतं. अंडी घालताना सारखी धार लागलती. मदिनाबीनं तर ऐकून पदर डोळ्याला लावला. चाचा म्हणाले, "बेटी, जानवर हाय, पर रोती हाय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

हे मला ठावं होतं, छबू. पाण्याचं मला ठावं होतं. हे ध्यानात ठेव.

गेल्या मंगळवारी केशर आली. दमणीतनं उतरली ती सरळ घरातच. दोन वर्सं पुरी झालती, मालकाच्या लेकाचं दूध तुटलं. बेगमेनं तिला देवडीतच एक खोली दिली, रसोड्यात काम दिलं. म्हणली, तुझी लेक माझ्या लेकाची दूधबहीण, तिला घेऊन ये, हितंच राहा जन्मभर. दोन वर्सांनी पहिल्यांदा तिनं पोरीकडं हात पसरले.

आन् चंद्री माझ्या लुगड्यात शिरली. "आई, कोण हाय ती?" म्हणली.

मला बरं वाटलं. देवाशपथ सांगते, मला लई बरं वाटलं.

केशरचा चेहरा पार उतरला, पण म्हणाली, "आठ दिवस ऱ्हाते मी. ओळख होईल, मंग नेते." आमचे हे मला म्हणाले, तिचं लेकरू हाय, तिला नेऊ दे. मी भांडी आपटली. म्हणलं, आठ दिवस! आठ दिवसांत लेकरू कुणाचं बी होतं. गुळाचा खडा दिला तरी होतं.

मंग दुपारी मी तिला म्हणलं, चल बाजारात, चाचांना भेटू. तुला कासवीची लई आवड, चाचांनी खरीखुरी दर्याची कासवी बघितली हाय. ती कशी फुलली! पोरीसारखी माझ्या पुढं चालायला लागली. चाचा सीताफळांची पाटी घेऊन बसलते. मी म्हणलं, "चाचा, ते कामरानचं सांगा की केशरला."

चाचांनी सांगितलं, हातवारे करून, वाळू कशी, खड्डा कसा. केशर उकिडवी बसून ऐकत होती. चाचा म्हणाले, "आन् मंग मुडली आन् गेली दर्यात. मागं वळून बघितलं बी न्हाई."

केशर म्हणाली, "आन् नजर? पिल्लांवर नजर ठेवत न्हाई?"

"कशाची नजर बेटी? पिल्लं अंड्यातनं निघायच्या आधीच ती कुठल्या कुठं. अल्लाच्या भरोशावर." आन् चाचांनी पुढं बोलायला तोंड उघडलं, "पर बेटी, कंदील जवळ नेला तवा..."

मी म्हणलं, "बस की चाचा, किती सांगचाल! ही सीताफळं आज खायची का उद्या, ते सांगा."

चाचा सीताफळं दाबून बघायला लागले. ती गोष्ट तिथंच राहिली.

परत येताना देवळावरनं आलो. केशरनं कासवाकडं बघितलं सुदीक न्हाई. घरी येऊन चुलीपुढं बसली. भाकरी थापता थापता म्हणाली, "आक्का, पोर तुमचीच. मला उगं वाटत होतं की माझ्या बघण्यानं तिला काही मिळतंय. मी टाकूनच गेलते की तिला." मी म्हणायला पायजे होतं, तू टाकलं न्हाईस, मी धाडलं तुला. मी नुसती चूल फुंकली. धूर झाला लई.

सकाळी गाडीवानाला दमणी जुंपायला लावली तिनं. चंद्रीच्या डोक्यावरनं लांबूनच हात ओवाळला, बोटं मोडली कानशिलावर आन् गेली. आठ दिवस ऱ्हाणार होती, ती एका राती गेली. मला पायजे होतं ते मिळालं, छबू. मी चंद्रीला काला कालवला, "आ कर" म्हणलं. तिनं आ केला. आन् माझा हात काही पुढं जाईना. तसाच घास धरून बसले.

ती बसली होती तिथं कोपऱ्यात एक बोचकं दिसलं. इसरली असंल म्हणून गाठ सोडून बघितली. आत झबली. अतलसीची, हिमरूची, मलमलीची, देवडीतल्या चिंध्यांची. सगळ्यात खाली ते निळं, मी दोन बोटांत धरलेलं. त्याच्यावर त्याच्याहून बोटभर मोठं. त्याच्यावर आणिक मोठं. महिन्याच्या महिन्याला एक. नुसतं लांबून बघून जायची, आन् देवडीत बसून कापायची. सगळ्यात वरचं हिरवं होतं. मी ते चंद्रीच्या अंगात घातलं. खांद्याला खांदा, मनगटाला मनगट. कुठं ढिलं न्हाई, कुठं तंग न्हाई. जवळ बसवून दोरीनं माप घेतल्यागत.

अगं, दोन वर्सं तिनं त्या पोरीला हात लावला न्हाई!

मंग मला काही सुचलं न्हाई. चंद्रीला कडेवर घेतलं आन् पळत सुटले. डोईवर पदर न्हाई, पायात काही न्हाई. बाया ओट्यावरनं "काय झालं, काय झालं" म्हणत होत्या, त्यांच्या आयला, कुणाला उत्तर देती! बीडच्या वाटंवर ओढ्यात बैल पाणी पीत होते म्हणून दमणी गावली. न्हाईतर गेली होती माझी जिंदगी.

दमणीचं चाक धरलं मी आन् धापा टाकीत म्हणलं, "केशर, ती रडती गं. कासवी. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतनं धार लागती. चाचा सांगत होते, मीच त्यांचं बोलणं तोडलं."

तिनं इचारलं, "कावून?"

मी म्हणलं, "पोर मला पायजे होती म्हणून."

ती पाणी पिणाऱ्या बैलांकडं बघाय लागली. मंग म्हणाली, "रडली तर काय झालं आक्का? गेलीच की ती."

"ती गेली," मी म्हणलं. "तू आलीस. दर बाजाराला आलीस. उन्हात आलीस, पावसात आलीस. त्या दगडाजवळ उभी राहिलीस आन् मी तुला दगडच समजले. हे बघ, बघ हे." मी चंद्रीला तिच्यापुढं उभी धरली, त्या हिरव्या झबल्यात. केशरनं झबल्याच्या बाहीला बोट लावलं. मनगटाला कसं बसलंय ते बघितलं. आन् मंग छबू, ती अशी रडली, अशी रडली, की गाडीवान खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला.

चंद्री जात नव्हती. माझ्या गळ्याला मिठी मारून बसली. तिची बोटं मी एकेक करून सोडवली, ह्या हातांनी. "आई, आई" म्हणून वरडत होती. मी म्हणलं, "ही बघ आई. ही तुझी आई, मी काकी." पहिल्यांदा म्हणलं. दोन वर्सांनी.

केशरनं मला माफ केलं का, ते काही मला ठावं न्हाई. जाताना ती एवढंच म्हणाली, "दर महिन्याच्या बाजाराला घेऊन येते. पाराजवळ थांबा." पाया पडली न्हाई ह्या बारीनं. बरं झालं न्हाई पडली ते.

तवापासनं मला घास गोड लागंना. पोर गेल्याचं दुःख हायच, ते खोटं कशाला बोलू. पण राती डोळा मिटला की पोर दिसत न्हाई मला, चाचांचं उघडलेलं तोंड दिसतं. पुढं बोलणार होतं ते तोंड, आन् मी सीताफळं दाबायला लावली.

आता हे कापड. काल कोष्ट्याकडनं आणलं, लाल लुगड्याचं उरलेलं. म्हणलं पुढच्या बाजाराला आपण बी एक झबलं न्यावं. कातर घेऊन बसले तर कुठं कापू तेच कळंना. डोळे मिटून बघितलं, उघडून बघितलं. पोरीचं तोंड येतं, आवाज येतो, पण खांदा केवढा, दंड केवढा, काही केल्या ध्यानात येईना. रोज आंघोळ घातली, रोज भरवलं, आन् लागलं तसं जवळ ओढून अंगाला कापड लावलं. नुसतं बसून तिच्याकडं कवा बघितलं म्हणून मला आठवंना.

तू बी बघितली हायस ना तिला दिवाळीत? मंग धर हे टोक, छबू. सांग मला, कुठवर कापू.